वीस हजार जादा हवेत. हातात किती राहतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ घणसोलीत भाड्याने राहतात, वय छत्तीस, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत सपोर्ट टीमचे लीड. वर्षाचा ढोबळ पगार १२ लाख ६० हजार. कासारवडवलीला फ्लॅट घेतलाय. ताबा मिळाला की पूर्ण हप्ता सुरू होणार आणि तेव्हा महिन्याला वीस हजार कमी पडणार. समोर आलेले पर्याय असे: ऑफिसातला मित्र शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग शिकवतो म्हणतोय. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाच हजार डिपॉझिट भरून घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम देतोय. ४५ हजारांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स आहे. फ्रीलान्सिंगच्या साइट आहेत. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: ‘बायको गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी घेते, पण ते आपलं हौसेपुरतं.’ त्यानंतर विचारलंय, की जम बसला तर नोकरी सोडावी का.

मी नौपाड्यात करसल्लागार आहे. माझी सुरुवात जोडकामातूनच झाली. दिवसा वागळे इस्टेटमध्ये नोकरी आणि संध्याकाळी गोखले रोडच्या दुकानांची खाती लिहायची. आता पगारदारांच्या ज्या फायली माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या पगाराला काही ना काही जोड असते. शिकवण्या, डिझाइन, केक, अनुवाद, सोसायट्यांची खाती, आंब्याच्या पेट्या. लग्नकार्यात लोक सांगतात ते बिलाचे आकडे. मार्चमध्ये माझ्यासमोर बसतात तेव्हा दिसतो तो खाली उरलेला आकडा. त्या खालच्या आकड्यावरून उत्तर देतो, आणि तुम्ही एका ओळीत उरकलेल्या मोदकांवर सगळ्यात जास्त बोलणार आहे.

आधी नको ते बाजूला करू. डिपॉझिट घेऊन काम देणारा माणूस काम देत नाही, डिपॉझिट घेतो. पुढे ‘चुका निघाल्या, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस’ असा दुसरा अंक असतो. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकं बरं. त्याच जातीचा आणखी एक प्रकार हल्ली फार आहे: ‘तुमचं बँक खातं वापरायला द्या, टक्केवारी देतो.’ ते पैसे कुठल्यातरी फसवणुकीचे असतात आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. ऑप्शनबद्दल शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास मित्राला दाखवा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हप्ता तोंडावर असताना हा नाद नको. कोर्सचं म्हणाल, तर ज्या कामाचं एकही गिऱ्हाईक अजून डोळ्यांपुढे नाही, त्याच्या शिक्षणावर ४५ हजार घालू नका.

आता नियुक्तीपत्र बाहेर काढा. त्यात दुसऱ्या कामाबद्दलचं कलम असणार. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचं काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढलं, आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्फोसिसने आधी परवानगी घेऊन किरकोळ बाहेरची कामं करायला मुभा दिली. म्हणजे कंपनीगणिक धोरण वेगळं. एचआरला साधा ईमेल टाका: कामाचं स्वरूप हे, वेळ कार्यालयाबाहेरची, आपल्या क्षेत्रातला ग्राहक नाही. लेखी होकार मिळाला तर तो जपून ठेवा. नकार आला तर पुढचा अर्धा मजकूर तुम्हाला लागू नाही, उरलेला अर्धा तुमच्या मिसेसना लागू आहे. ‘कंपनीला कळतं कसं?’ हे मला सगळे विचारतात. तुमचं कराचं वार्षिक माहितीपत्रक (एआयएस) कंपनीला दिसत नाही. पण दुसरीकडेही पगारी नोकरी धरली आणि तिथे पीएफ कापला गेला, तर पीएफचा कायमचा क्रमांक, म्हणजे यूएएन, एकच असल्यामुळे ते उघडं पडतं. आणि कंपनीच्याच लॅपटॉपवर बाहेरचं काम केलं तर विचारायलाच नको.

सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आड येतात, परवानगीशिवाय धंदा-नोकरी चालत नाही. शिक्षकांना तर शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने खासगी शिकवण्यांची साफ मनाई आहे. हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

आता आकडे. कलमांचे नंबर मी जुन्या कायद्यातले सांगतोय, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि नंबर बदलले. करदर २०२५-२६ चे धरले आहेत.

तुमचा पगार १२ लाख ६० हजार. नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की राहिले ११ लाख ८५ हजार. १२ लाखांपर्यंत कर माफ, म्हणून आज तुमचा कर शून्य. आता समजा तुम्ही बाहेरून महिन्याला वीस हजार मिळवले, वर्षाचे २ लाख ४० हजार. तांत्रिक सल्ला आणि माहिती तंत्रज्ञानाच्या कामाला कलम ४४एडीए लागतं. त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, वह्या ठेवायची कटकट नाही. म्हणजे १ लाख २० हजार वाढले आणि करपात्र उत्पन्न १३ लाख ५ हजार झालं. १२ लाखांची रेषा ओलांडली की माफी निघून जाते आणि खालच्या टप्प्यांवरचा करही अंगावर येतो: ७५,७५० रुपये, त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ७८,७८०. दोन लाख चाळीस हजार कमावले आणि जवळपास ऐंशी हजार भरले. हातात महिन्याला तेरा हजार चारशे.

पगारदाराला हे आधी कुणी सांगत नाही, आणि जुलैत तो माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसतो.

वीस हजार खरोखर हातात हवे असतील, तर तुमच्या एकट्याच्या कामातून महिन्याला साधारण सत्तावीस हजारांची बिलं व्हायला हवीत. रेषेच्या जरा पलीकडची पट्टी सगळ्यात वाईट. तिथे वाढलेल्या उत्पन्नाइतकाच कर लागतो, म्हणजे जोडकामाचं करपात्र धरलेलं अर्धं जवळपास सगळंच जातं. ती पट्टी नीट मागे पडली की मात्र जमेच्या दर शंभर रुपयांवर कर फक्त ७ रुपये ८० पैसे. पुढच्या अप्रेझलला पगारच १२ लाख ७५ हजारांच्या बराच वर गेला, तर तो दणका पगारावर बसेल आणि जोडकाम स्वस्तात सुटेल. म्हणून जोडकामाचा निर्णय पगारवाढीचं पत्र हातात आल्यावर पुन्हा तपासा.

एक वाट आहे. कंपनी तुमच्या पगारातूनच एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, मालकाचा वाटा भरायला तयार असेल, तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या पद्धतीतही वजा होते. मूळ पगार महिना ४२ हजार धरला तर वर्षाला ७०,५६० वजा. मग तुम्ही महिन्याला चौदा हजारांचं बाहेरचं काम केलंत तरी करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं आणि कर शून्य. एनपीएस नसता तर त्याच चौदा हजारांवर वर्षाला सुमारे ७२ हजार कर लागला असता. रोख हातात येणारी रक्कम दोन्हीकडे जवळपास तेवढीच, महिन्याला आठेक हजार. फरक इतकाच, की एका बाबतीत सत्तर हजार सरकारजमा आणि दुसऱ्यात तुमच्याच नावावर, बरीच वर्षं अडकलेले. एचआरला हा प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला विचारायचा. फेब्रुवारीत विचारला तर ‘आता पुढच्या वर्षी’ हे उत्तर ठरलेलं आहे.

आणि आता तुमच्या घरातलं दुसरं माणूस. मिसेसचं दुसरं उत्पन्न नाही. त्यांनी मोदकांतून वर्षाला लाख-सव्वा लाख मिळवले तरी त्यावर कर नाही. तुमच्या शंभरातून तेहतीस जाणार, त्यांच्या शंभरातले शंभर घरात राहणार. आता ते हौसेपुरतं आहे का, ते तुम्हीच ठरवा.

इथे लगेच एक शहाणपणा सुचतो: ‘मग माझं काम बायकोच्या नावावर दाखवू.’ तसं करू नका. काम तुमचं, कौशल्य तुमचं, आणि पैसे फक्त त्यांच्या खात्यात, हे कायद्याला तुमचंच उत्पन्न वाटतं. पती-पत्नीच्या उत्पन्नाची जोडणी कलम ६४ मध्ये आहे. मोदक त्या करतात, तर मोदकांचे पैसे त्यांचे. राउटर तुम्ही लावता, तर राउटरचे पैसे तुमचे.

मोदकांचा हिशेब कागदावर मांडू. एकवीस उकडीचे मोदक. दोन मोठे नारळ १२०, गूळ २५, मोदकाची पिठी अर्धा किलो ५०, तूप-वेलची-खसखस ४०, डबा २०, गॅस २०. झाले २७५. भाव जांभळी नाक्याला वेगळे, वाशी मार्केटला वेगळे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणखीच वेगळे, पण अंदाजाला पुरे. नग ३५ रुपयांना गेला तर ७३५ आले, उरले ४६०. आता वेळ. नारळ खवायचा, सारण शिजवून गार करायचं, उकड काढून गरम असतानाच मळायची, मग पारी करून कळ्या पाडायच्या. सराईत हाताला एका मोदकाला दोनेक मिनिटं. वाफवणं, डब्यात भरणं, भांडी. एकवीसला अडीच तास सहज जातात. तासाला १८४ रुपये. तेच त्रेसष्ट केले, तर खवणं-शिजवणं-मळणं तिप्पट होत नाही. साडेचार तासांत काम होतं आणि उरतात १,३८०. तासाला तीनशेच्या वर. तोच हात, तेच मोदक. म्हणून ‘अकराच हवेत, आजच हवेत’ या ऑर्डरीला नाही म्हणायला शिकणं हे या धंद्यातलं पहिलं काम. ठरावीक दिवशी करायचं, आदल्या दिवशी संध्याकाळी ऑर्डर बंद, पैसे आधी यूपीआयवर, डबा येऊन घेऊन जायचा.

गणेश चतुर्थीच्या भरवशावर मात्र राहू नका. त्या दिवशी सगळ्यांना नैवेद्य दुपारच्या आत हवा, शेगड्या दोनच, मोदकपात्रं किती ठेवणार? त्या एका सकाळी मागणी अफाट आणि हात चार. खरी कमाई संकष्टीत आहे. दर महिन्याला येते, उपास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणजे डबे संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत पोहोचले तरी चालतात, आणि तेव्हा तुम्हीही घरी आलेले असता. नोकरी करणाऱ्या बाईला त्या दिवशी घरी येऊन उकड काढायची ताकद नसते. घणसोली-कोपरखैरणेच्या चार-पाच सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन दिवस आधी एक निरोप टाकला की पुरे. अंगारकी आली तर डबे दुप्पट धरा.

मोदक त्याच दिवशी संपवावे लागतात, हा त्यांचा दोष. म्हणून जोडीला टिकणारं काहीतरी हवं. गुळपोळी टिकते, तीन दिवस आधीपासून करता येते, संक्रांतीला पुण्या-नाशिकला कुरिअरने जाते. दिवाळीचा फराळ आगाऊ पैसे घेऊन करता येतो, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत ते चकली-करंजीच्या भावावर घासाघीस करत नाहीत. पुरणपोळी मधल्या जातीची, दोन दिवसांची. माझ्याकडे ज्या बायकांचे असे हिशेब येतात, त्यांचं पहिलं वर्ष महिन्याला पाच-सहा हजारांच्या आसपास जातं; वर्षाची सरासरी नऊ-दहा हजारांवर यायला दुसरं वर्ष उजाडतं. मधेच लगेच दुकानाचा गाळा भाड्याने घेतलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांचं सगळं भाड्यात जातं.

कागद फार नाहीत. खाद्यपदार्थ घरून विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. लहान प्रमाणावर ती साधी आहे, त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होते, आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक डब्याच्या लेबलवर छापायचा. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. घरगुती गॅस धंद्याला वापरायचा नसतो, तेव्हा काम वाढलं की त्याची वेगळी सोय बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा; लिफ्टमध्ये डिलिव्हरीची पोरं वाढली की तक्रार कुठून येते ते तुम्हाला माहीत आहे. आणि मिसेसच्या नावाचं वेगळं बँक खातं उघडा, ज्यात मोदकांशिवाय काही येणार-जाणार नाही. भाजीचे, शाळेच्या बसचे पैसे त्याच खात्यातून गेले की वर्षअखेरीला धंदा फायद्यात होता का, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आता तुमचं काम. परदेशी गिऱ्हाइकांच्या साइट वाईट नाहीत, पण नव्या माणसाला तिथे पहिलं काम मिळेपर्यंत दम निघतो. फायव्हर विकणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के घेतं, अपवर्कचं कमिशन कामागणिक बदलतं, वर रुपयांत बदलताना बँक आपला हात मारते. शिवाय त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा तुमची रात्र झालेली असते, आणि तुम्ही सपोर्टवाले. तुमच्या शिफ्ट मला सांगायला नकोत. तो मार्ग धरलात तर परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपा. जीएसटीची नोंदणी सेवांना २० लाखांच्या उलाढालीवर लागते, निर्यातही त्यात मोजली जाते. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

मी सांगेन, हाकेच्या अंतरावर बघा. दोन-तीन डॉक्टरांचा दवाखाना, सीएचं ऑफिस, दहावी-बारावीचा क्लास. चार ते दहा कॉम्प्युटर असलेली जागा, जिथे स्वतःचा आयटीचा माणूस ठेवणं परवडत नाही आणि दुकानातला पोरगा बोलावल्यावर तीन दिवसांनी येतो. त्यांना हवं असतं फार साधं: बॅकअप रोज होतोय का, प्रिंटर सगळ्यांना दिसतोय का, नोकरी सोडून गेलेल्या मुलीचा पासवर्ड बंद केला का. सीएच्या ऑफिसात सप्टेंबरमध्ये सर्व्हर बसला तर काय होतं ते मी आतून पाहिलंय. त्या दिवशी फोन उचलणाऱ्याला लोक विसरत नाहीत. महिन्याचं बांधलेलं काम घ्या: एक फेरी शनिवारी, बाकी दुरून. जागेमागे दोन हजारांपासून सुरुवात, सात जागा झाल्या की तुमचे चौदा हजार. फोन आला तसा जाऊन तीनशे रुपये घेणं हे काम करू नका, त्यात शनिवार-रविवार दोन्ही जातात. दवाखान्यातली पेशंटची माहिती स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ नका, दुरुस्तीच्या नावाखालीसुद्धा.

जागा निवडताना कासारवडवली डोळ्यांपुढे ठेवा. आज घणसोलीहून ऐरोली म्हणजे मध्ये एक रबाळे. उद्या घोडबंदरहून येणार, मग माजिवड्याचा सिग्नल आणि ठाणे स्टेशनचा जिना यांत संध्याकाळ जाणार. आज वाशीत गिऱ्हाइकं जमवलीत तर वर्षभरात ती सोडावी लागतील. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, वर्तकनगर या पट्ट्यात धरलीत तर घर बदलल्यावरही वाटेत येतात.

आकडेमोडीची आवड असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांची खाती हेही इथलं हमखास काम. ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांना तोटा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत, तिची नोटीस चौदा दिवस आधी, त्याआधी ताळेबंद तयार. म्हणून जुलैपासून सगळे सेक्रेटरी अकाउंटंट शोधत असतात. पैसे कमिटीची मीटिंग होऊन दोन सह्या झाल्यावर चेकने येतात, उशिराने येतात, पण बुडत नाहीत. फक्त कुठल्या गटाने आणलं तुम्हाला, यावर पुढच्या निवडणुकीत तुमचं काम अवलंबून असतं.

पैसे बुडण्यावरून आठवलं. माझ्याकडे एक डिझायनर मुलगी येते. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी तिने कॅटलॉग करून दिला. काम दिलं, वाहवा झाली, बिलाचं मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’. दिवाळी गेली, होळी आली. तिची उद्यम नोंदणी होती, पण बिलावर नंबर नव्हता. आम्ही नंबर घालून बिल पुन्हा पाठवलं आणि खाली दोन ओळी लिहिल्या. पहिली: २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. दुसरी: कलम ४३बी(एच)प्रमाणे मुदतीत न दिलेली रक्कम पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तुम्हाला खर्च म्हणून वजा करता येणार नाही. २०२३-२४ पासून हे लागू आहे. ३१ मार्चच्या आधी कारखान्याच्या अकाउंटंटचा तिला स्वतःहून फोन आला, खातं नंबर विचारायला. मालकाला तिच्या बिलाचं सोयरसुतक नव्हतं, त्याला स्वतःचा कर वाढायला नको होता. न दिलेच तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. पण लहान कामांत त्या दोन ओळी बहुतेक वेळा पुरतात. तुम्हीही उद्यम नोंदणी काम सुरू करण्याआधी करा, मागाहून केलेली मागच्या बिलांना उपयोगी पडत नाही. आणि बांधलेल्या कामाचे पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ, असं पहिल्याच भेटीत बोलून घ्या. ओळखीच्या माणसाशी तर आधी बोला. उधारी तिथेच जास्त होते.

राहिलेलं झटपट. जोडकाम सुरू झालं की तुमचा आयटीआर-१ संपला, ४४एडीए घेतलंत तर आयटीआर-४ भरायचा. पार्टीने टीडीएस कापला तर तो वार्षिक माहितीपत्रकात दिसतो, म्हणजे ते उत्पन्न ‘विसरून’ चालत नाही. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर निघत असेल तर १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरा, नाहीतर व्याज लागतं. आणि धंद्याचं उत्पन्न आलं की जुनी-नवी करपद्धत दरवर्षी मनासारखी बदलता येत नाही; नवीतून एकदा बाहेर पडून परत आलात की पुन्हा जायची वाट बंद. घरकर्जाच्या व्याजासाठी जुनीत जायचा विचार कधी आला तर आधी हिशेब करून घ्या.

एकूण बेरीज अशी दिसते: दुसऱ्या वर्षापर्यंत मिसेसचे नऊ हजार, तुमच्या चौदा हजारांतून एनपीएस जाऊन रोख आठ हजार. सतरा झाले, आणि जवळपास सहा हजार महिन्याला म्हातारपणासाठी बाजूला. उरलेल्या तीन हजारांसाठी आठवी-नववी जागा शोधू नका, बिल वाढलं की ती १२ लाखांची रेषा पुन्हा आडवी येते. पहिल्या वर्षी आकडा याहून कमी असेल, म्हणून ताबा मिळण्याची वाट न बघता आत्ताच सुरुवात करा.

नोकरी सोडण्याचं विचारलंत. सात दवाखान्यांच्या जोरावर नाही. आणि सोडायचीच वेळ आली, तर त्याआधी घरकर्जाचं काय ते उरकून घ्या: व्याजदर कमी करून घेणं, कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं, टॉप-अप. पगारपत्रक हातात आहे तोवर हे सोपं जातं. स्वतःचा व्यवसाय म्हटला की बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात, आणि तुमचे त्या व्यवसायाचे रिटर्न अजून भरायचेत.